डोळ्यात काय बसवलंय, त्याचं स्टिकर मागून घ्या

परळला मी पंचवीस वर्षं ब्लाउज शिवते. सुई ओवायला चाळिशी लागायची, त्याचा कंटाळा आला होता. गेल्या वर्षी पश्चिम उपनगरातल्या एका डोळ्यांच्या सेंटरची जाहिरात पाहिली, 'चष्म्याला कायमचा रामराम', आणि मी गेले.

तिथली समुपदेशक मुलगी गोड बोलली. "काकू, पंधरा मिनिटांचं काम. एकाच डोळ्याच्या कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, जवळचं दिसण्यासाठी बारीक चकतीसारखा इनले बसवायचा. नाही जमला तर काढून टाकू, डोळा होता तसा." मेडिक्लेममध्ये बसेल म्हणाली, आणि आज बुक केलं तर दहा हजार कमी. भिशीचे पैसे होतेच. मी 95 हजार भरले.

खोटं सांगणार नाही, पहिले दोन महिने सुई बिनचष्म्याची ओवली. मग डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं. काळ्या कापडावर काळी टीप दिसेना, रात्री स्टेशनच्या दिव्यांभोवती वलयं दिसायला लागली. तीन वेळा सेंटरला गेले. दर वेळी एकच उत्तर: "डोळे कोरडे आहेत, थेंब घाला." कोरडेपणा आधी तपासलाच नव्हता, आणि आता दोष माझ्या डोळ्यांचा! ऑपरेशन करणारे डॉक्टर तिथे येणंच बंद झाले होते.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. मशीनवर डोळा बघून ते म्हणाले, "कॉर्नियावर पांढुरकेपणा आलाय. इनले कुठला आहे? स्टिकर दाखवा." मी सगळी फाईल टेबलावर पसरली. बिल होतं, चिठ्ठ्या होत्या, माझी सही असलेला इंग्रजी फॉर्म होता. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'इनले'. कंपनी नाही, नंबर नाही. माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या कार्डावर लेन्सचं स्टिकर नंबरासकट चिकटवलेलं आहे. माझ्या डोळ्यात काय आहे, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.

त्यांनी नीट समजावलं. वयाबरोबर डोळ्यातली नैसर्गिक लेन्स कडक होते, म्हणून जवळचं दिसत नाही. इनले बसतो पुढच्या कॉर्नियात, आतली लेन्स कडक होतच राहते. मग 'कायमचा' कशाच्या जोरावर म्हणाले? इनले काढता येतो, पण आलेलं धुकं पूर्ण जाईलच असं नाही. रेनड्रॉप नावाच्या इनलेला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, 2016 मध्ये मंजुरी दिली होती आणि ऑक्टोबर 2018 मध्ये त्यांनीच धोक्याची सूचना काढली. पाहणीतल्या 150 पैकी सुमारे 75 टक्के लोकांच्या कॉर्नियावर धुकं आलं होतं. माझा इनले वेगळाही असेल. पण हा धोका डॉक्टरी जगाला ठाऊक होता आणि मला त्याचा एक शब्दही सांगितला नाही, याचाच मला जास्त राग आहे.

मेडिक्लेमही नाकारला. चष्म्याचा नंबर 7.5 पेक्षा कमी असेल तर नजर सुधारण्याचा खर्च पॉलिसीत बसत नाही, हे सेंटरला माहीत नसेल?

कुणी तुम्हाला असं काही सुचवलं, तर पैसे भरण्याआधी इनलेचं नाव लिहून घ्या, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा आणि फॉर्म मराठीत मागा. ऑपरेशन झालं असेल तर आजच फाईल उघडून स्टिकर आहे का बघा. नसेल तर लेखी अर्ज द्या. नियमाप्रमाणे 72 तासांत कागदपत्रं द्यावीच लागतात. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, ती थेंब घालण्यात घालवू नका.

माझ्या अर्जाला आज अकरावा दिवस. पोच माझ्याकडे आहे, कागद अजून नाहीत. सध्या चष्मा लावून, डावा डोळा मिटून शिवते.