212 कोटींची विक्री आणि 62 लाखांचा पगार

एका छोट्या कंपनीच्या शेअरमध्ये माझे 4,17,500 रुपये गेले. बहिणीचे 1,17,600 वेगळे. आकडे आधीच सांगून टाकतो, कारण घरात सांगायला मला चार महिने लागले आणि ते चार महिने मी रोज बायकोशी खोटं बोललो.

बीएसएनएलची व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन 31 जानेवारी 2020 ला मी घरी आलो. पैसे बँकेत, थोडे म्युच्युअल फंडात, थोडे मोठ्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये होते. टिप मिळाली की उडी मारणारा माणूस मी नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण पोलीस ठाण्यापासून मेहुण्यापर्यंत प्रत्येकाने मला 'लोभ नडला' हेच ऐकवलंय. मी वाचून, आकडे बघून शेअर घेतला. तेच तर जास्त जळतंय.

साडूंनी मे 2024 मध्ये शेअरच्या टिप देणाऱ्या टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे: फायद्याचे स्क्रीनशॉट, 'सर, तुमच्यामुळे' असे मेसेज, रोज सकाळी सव्वाआठला ग्रुप चालवणाऱ्या 'सरां'चा आवाज. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे आणि वकिलांनी मनाई केली आहे. बीएसईवर नोंदलेली छोटी कंपनी. मूळ धंदा सुताचा व्यापार, आणि दोन वर्षांत त्यात कोल्ड स्टोरेज, सोलर, जैविक खतं आणि ड्रोन आले. 'एक धंदा बसला तर चार उभे राहतात,' असं सर म्हणायचे. लँडलाइनवर विसंबून राहिलेल्या आमच्या खात्याचं काय झालं ते मी आतून पाहिलेलं. म्हणून ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

जूनमध्ये 142 रुपयांनी 500 शेअर्स घेतले, 71,000 रुपये. जुलैत 168 ने 1,000, म्हणजे 1,68,000. इथवर थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो.

ऑगस्टच्या शेवटी कंपनीचा वार्षिक अहवाल आला. मी तो छापून घेतला आणि लाल पेन घेऊन बसलो. विक्री 212 कोटी, नफा 19 कोटी. गिऱ्हाइकांकडून येणं बाकी 171 कोटी. म्हणजे जवळजवळ दहा महिन्यांची विक्री उधारीवर. नफा 19 कोटी, पण व्यवसायातून रोकड आलीच नाही, उलट 14 कोटी बाहेर गेले. आणि त्याखाली कर्मचाऱ्यांवरचा खर्च: 62 लाख.

बासष्ट लाख! पाच धंदे, 212 कोटींची विक्री आणि वर्षाचा सगळा पगार 62 लाख. एका तालुक्याचं टेलिफोन एक्स्चेंज चालवायला किती माणसं लागतात, केबल तुटली की किती जणांना उन्हात उभं राहावं लागतं, हे मी 31 वर्षं पाहिलंय. त्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या. तो कागद अजून माझ्याकडे आहे. तेव्हाच उठून सगळं विकायला हवं होतं. त्या दिवशी घेणारे होते, भाव 205 च्या वर होता, मी 68,000 हून जास्त नफ्यात होतो.

मी काय केलं? ग्रुपवर प्रश्न टाकला. दोन मिनिटांत मेसेज गायब. त्याच रात्री सरांचा फोन. "साहेब, अहवाल इतका बारकाईने वाचणारे तुम्हीच पहिले. अहो, सगळं काम सब-कॉन्ट्रॅक्टवर आहे, म्हणून पगार कमी दिसतो. येणी सरकारी कंत्राटांची आहेत, पैसे कुठे पळून जात नाहीत." पाऊण तास बोलले. अत्यंत अदबीने, शुद्ध मराठीत. फोन ठेवला तेव्हा मला आपण शहाणे आहोत असं वाटत होतं. 2 सप्टेंबरला 211 ने आणखी 1,500 घेतले. 3,16,500 रुपये, बँकेची एफडी मोडून.

प्रश्न विचारल्यावर ज्या ग्रुपवरून मेसेज उडतो, तिथे दुसऱ्या मिनिटाला थांबू नका. तुमचं कौतुक करायला कुणी रात्री फोन करत असेल तर त्याच्याकडे विकायला माल आहे असं समजा.

गौरीला बहीण, आमची आक्का, आली. शिवणकामातून साठवलेले दीड लाख तिच्याकडे होते. मीच म्हणालो, घे. 214 ने 700 शेअर्स, 1,49,800 रुपये. तिने एवढंच विचारलं, "तू घेतलेस ना?"

अनंत चतुर्दशी मंगळवारी झाली, भाव 236 पर्यंत गेला. गुरुवारी सकाळी पहिलं लोअर सर्किट, म्हणजे भाव एका दिवसात जितका पडू शकतो तितका पडला. रोज पाच टक्के खाली आणि घेणारा शून्य. मी नऊच्या ठोक्याला विक्रीची ऑर्डर टाकायचो, पुढे लाखो शेअर्सची रांग असायची. दसरा आला नि गेला. सलग 19 सत्रं हेच. सर्किट सुटलं तेव्हा भाव 89. 'आता कुठेतरी थांबेल' म्हणत मार्च 2025 पर्यंत धरून बसलो आणि 46 ला सगळं विकलं.

नंतर कळलं ते असं. फेब्रुवारी 2024 मध्ये कंपनीने 31 जणांना 34 रुपयांनी एक कोटी वीस लाख शेअर्स प्रेफरेन्शियल पद्धतीने, म्हणजे बाजाराबाहेर निवडक लोकांना, दिले होते. अशा बिगर-प्रवर्तकांच्या शेअर्सवर, बाजारात व्यवहाराची परवानगी मिळाल्यापासून, सहा महिन्यांचा लॉक-इन असतो, म्हणजे तोवर ते विकता येत नाहीत. तो सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपला. आम्ही 211 ने आणि 214 ने घेत होतो, आणि 34 वाले दार उघडण्याची वाट बघत होते. ही तारीख बीएसईच्या सूचनेत छापलेली होती. कुणाला, किती रुपयांनी शेअर्स दिले आणि लॉक-इन कधी सुटतो, हे बघितल्याशिवाय छोट्या कंपनीला हात लावू नका. एक्स्चेंजने शेअर अतिरिक्त देखरेखीत टाकला तेव्हा सर म्हणाले, "चांगल्या शेअरवरच नजर ठेवतात." तेही मी ऐकून घेतलं.

आता दाद मागायला गेलो त्याचं ऐका. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. पहिला प्रश्न, पैसे कुठल्या खात्यावर पाठवले? मी म्हटलं, माझ्याच ब्रोकरकडे, शेअर बाजारातून रीतसर खरेदी. मग गोठवायचं कुणाचं खातं? संपलं. ब्रोकर म्हणाला, आम्ही फक्त ऑर्डर टाकतो. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "काका, बटण तुम्हीच दाबलंत ना?" त्यांनी सायबरकडे पाठवलं, सायबरने आर्थिक गुन्हे शाखेकडे, तिथे सांगितलं की ही ठेव नाही, त्यामुळे ठेवीदारांच्या संरक्षणाचा एमपीआयडी कायदा लागत नाही, पुन्हा ठाण्यात जा. चार चकरा, प्रत्येक वेळी तेच कागद, प्रत्येक वेळी बाकावर दोन तास. शेवटी लेखी अर्जाची पोच मिळाली, एफआयआर नाही.

शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर कंपनीविरुद्ध तक्रार केली. 21 दिवसांच्या मुदतीत कंपनीचं उत्तर आलं: बाजारभावावर आमचं नियंत्रण नाही, सप्टेंबर 2024 नंतर सगळाच बाजार पडला. बाजार पडला हे खरं. पण स्मॉलकॅप निर्देशांक पाव भागाच्या आसपास घसरला असेल, हा शेअर पाच भागांतले चार भाग गेला, आणि सुरुवात बाजाराच्या आधी झाली! हे लिहून फेरविचार मागितलाय. सरांबद्दल विचारलं तर मदतवाणीवर उत्तर मिळालं की तो माणूस नोंदणीकृत नाही, त्यामुळे ती तक्रार इथे बसत नाही. म्हणजे नोंदणी न करता लुटणाऱ्याला नोंदणी नाही म्हणूनच कुणी विचारायचं नाही? मार्च 2023 मध्ये साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरच्या प्रकरणात यूट्यूबवरच्या व्हिडिओंवरून सेबीनेच आदेश काढला होता ना? तो मी पेपरात वाचला होता. वाचूनसुद्धा सरांना त्यांचा नोंदणी क्रमांक विचारला नाही. शेअरचा सल्ला देणाऱ्या नोंदणीकृत रिसर्च अॅनालिस्टचा क्रमांक आयएनएचने सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत तपासता येतो.

ग्रुप सोडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. मी रागाने आधी बाहेर पडलो, आता माझ्याकडे फक्त 11 स्क्रीनशॉट आहेत आणि सरांचा आवाज एकही नाही. कुणाकडे मे ते सप्टेंबर 2024 मधले सकाळचे ते व्हॉइस मेसेज असतील तर जपून ठेवा, अर्ज एकत्र करू.

आक्काला मी दर महिन्याला 5,000 देतो. ती नको म्हणते, मी तिच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवून येतो. 40,000 झाले. अजून 77,600 द्यायचे आहेत.