मुलू नॅशनल पार्क, सारावाक : गाइडचे पैसे वाचवायला जाऊ नका

बोर्निओला बॅकपॅक अडकवून जायचं ठरवलं की मुलूबद्दल सगळ्यांची एकच कुरकुर ऐकू येते, गुहेत शिरायचं तर गाइड, डोंगर चढायचा तर गाइड, आधी बुकिंग करा, वेळेवर हजर रहा, मग आपण बॅकपॅकिंगला निघालोय का शाळेच्या सहलीला? आम्ही दोघी बहिणी जाऊन आलो आणि माझं मत आधीच सांगून टाकते. गाइडचे पैसे बिनधास्त द्या. काटकसर करायचीच असेल तर ती राहण्यात करा, जेवणात करा, पण या पार्कात गाइडवर करू नका, कारण बघण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं तर त्यांनी टॉर्च मारून दाखवल्याशिवाय आपल्याला दिसतच नाही.

पार्क मलेशियाच्या सारावाक राज्यात आहे, २००० साली युनेस्कोच्या यादीत गेलं, आकार साधारण ५२९ चौरस किलोमीटर. तिथे जायला धड रस्ता नाही. सारावाकमधल्याच मिरी शहराहून छोट्या विमानाने अर्ध्या तासात पोचता, खिडकीतून खाली फक्त हिरवं आणि मध्ये तपकिरी वळणावळणाची नदी. एअरपोर्टवरून पार्कचं गेट चालत जाण्याएवढं जवळ. हां, एक गंमत म्हणजे सारावाकचं इमिग्रेशन वेगळं आहे, क्वालालंपूरहून गेलात तरी पासपोर्ट परत दाखवावा लागतो, त्यामुळे तो बॅगेच्या तळाशी कोंबून ठेवू नका.

बुकिंग थेट पार्ककडेच करा. हे मी जरा जोर देऊन सांगतेय कारण मिरीत एका एजंटने (नाव घेत नाही) आम्हाला पॅकेज म्हणून जे विकायचा प्रयत्न केला ते म्हणजे पार्कच्याच टूर, वर त्याचं कमिशन, आणि पिनॅकल्सच्या (चुनखडीच्या सुळक्यांपर्यंतचा ट्रेक, पुढे सांगते) जागा 'होऊन जातील मॅडम' या भरवशावर. पिनॅकल्सला जागा मोजक्या असतात, त्या अशा होऊन जात नाहीत. आधी त्या तारखा पक्क्या करा आणि मगच विमानाची तिकिटं काढा, उलटं केलंत तर मुलूला जाऊन नुसते कॅफेत बसून रहाल. एंट्री पास ५ दिवस चालतो, तेवढे दिवस ठेवाच.

आता गुहा. टूरिस्ट लोकांसाठी लाइट आणि वाटा केलेल्या मुख्य गुहा चार, डिअर, लँग, विंड आणि क्लिअरवॉटर. डिअर आणि लँग एकाच दुपारी होतात, जंगलातून तीनेक किलोमीटर लाकडी फळ्यांची वाट आहे, सपाट, कोणीही चालू शकेल. आधी लँग दाखवतात, ती छोटी आणि नाजूक, छतातून लोंबणारे चुनखडीचे झुंबर वगैरे, छान आहे. पण डिअर केव्हमध्ये शिरलात की लँग विसरून जाल. छत कुठे कुठे १०० मीटरच्या वर आहे. व्हिएतनामच्या सोन डूंग गुहेचं मोजमाप २००९ मध्ये झालं, तोवर गुहेतलं जगातलं सगळ्यात मोठं भुयार म्हणून हिचंच नाव घ्यायचे. आकडे वाचून काही कळत नाही हो, आत उभं राहिलं की समोरच्या रेलिंगपाशी उभी असलेली माणसं मुंग्यांएवढी दिसतात तेव्हा कळतं.

आणि वास! नाक चुरचुरतं, डोळ्यांत जातो, तो अमोनियाचा वास आहे, वरच्या वीस-तीस लाख वटवाघळांच्या विष्ठेचा. तिचे ढिगारे फळ्यांच्या खाली पसरलेत. आमच्या गाइडने टॉर्च त्यावर धरला आणि म्हणाला नीट बघा, तर आधी वाटलं माती आहे, मग लक्षात आलं की अख्खा ढीग हलतोय, झुरळं, रातकिडे, कसले कसले किडे, एकावर एक. बहीण तिथून जी पळाली ती थेट बाहेर. मी मात्र थांबले कारण तो पुढे सांगत होता की गुहेत उजेड नाही म्हणजे झाडं नाहीत, मग खायचं काय, तर वटवाघळं रोज संध्याकाळी बाहेर जाऊन किडे खातात आणि तेच या रूपात आत आणून टाकतात, त्यावर किडे जगतात, किड्यांवर कोळी, आणि सापसुद्धा आहेत जे भिंतीवर चढून पाकोळ्या आणि वटवाघळं धरतात. पाकोळ्या अंधारात टकटक आवाज काढत त्याच्या प्रतिध्वनीवर उडतात, तेही त्याने सगळ्यांना गप्प करून ऐकवलं. ही माहिती बोर्डावर वाचली असती तर दोन मिनिटांत विसरले असते. दक्षिणेच्या तोंडाशी मागे वळून बघितलं की कातळाची कड अब्राहम लिंकनच्या चेहऱ्यासारखी दिसते, तो फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढाल.

संध्याकाळी गुहेच्या तोंडासमोर उघड्यावर बसायला बाकं आहेत, तिथे वटवाघळं बाहेर पडताना बघायची. पाच-साडेपाचनंतर कधीही. धुरासारखा एक पट्टा निघतो, मध्येच त्याचं कडं होतं, वळसे घेतो, परत दुसरा पट्टा. वर ससाण्यासारखे बॅट हॉक टपून बसलेले असतात, ते सूर मारतात तेव्हा अख्खा थवा कच्चकन वाकतो. पण पाऊस असेल तर बहुतेक वेळा वटवाघळं बाहेर येतच नाहीत, आणि हे रेनफॉरेस्ट आहे, पाऊस रोजचाच. यात पार्कचा काही दोष नाही, तरी एक स्टार कापणारे रिव्ह्यू लोक टाकतात, आता त्यांना काय बोलणार. पहिल्या संध्याकाळी नाही दिसली तर पुढच्या दिवशी परत जा, म्हणूनच दिवस हातात ठेवा म्हणतेय.

विंड आणि क्लिअरवॉटरला लाँगबोटीने मेलिनाऊ नदीतून जातात, वाटेत पेनान या इथल्या आदिवासी लोकांच्या वस्तीत थोडा वेळ थांबवतात, तिथे वेताच्या बांगड्या टोपल्या मिळतात. क्लिअरवॉटरच्या भुयारांची आत्तापर्यंत २०० किलोमीटरच्या वर मोजणी झालीय आणि अजून चालूच आहे, आपण बघतो तो नखाएवढा तुकडा. आतून नदी वाहते. बाहेर पाण्याचा स्वच्छ डोह आहे, पोहायचे कपडे न्या. बास, यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही, गोड आहे पण डिअरनंतर जरा फिकं वाटतं.

खरी पैसे वसूल गोष्ट पिनॅकल्स. गुनुंग आपी डोंगराच्या उतारावर ४५ मीटरपर्यंत उंच, सुऱ्यासारखे चुनखडीचे सुळके जंगलातून वर आलेत. इथला पाऊस वर्षानुवर्षं खडक विरघळवत राहिला त्याचे हे उरलेले तुकडे. तीन दिवस दोन रात्रींची ट्रिप असते. पहिल्या दिवशी बोट, मग साधारण ९ किलोमीटर सपाट जंगलातून कॅम्प ५ पर्यंत चाल. त्या चालीत जळवा. पानाच्या टोकावर उभ्या राहून झुलत असतात, माणसाची चाहूल लागली की तुमच्याकडे तोंड करतात, बघून हसू पण येतं आणि किळसही. लीच सॉक्स घ्या, वरून घट्ट बांधा, तरी एखादी कमरेपर्यंत पोचतेच.

कॅम्प ५ बद्दल तक्रारी वाचल्या होत्या की सोय साधी आहे. अहो जंगलात आहे ते. झोपायला मॅट, गार पाण्याच्या अंघोळी, किचनमध्ये गॅस आणि भांडी, रांधायचं आपलं आपण, धान्य-नूडल्स पाठीवर घेऊन जायचे. समोर नदी आणि पलीकडे उभा कडा. मला तर पूर्ण ट्रिपमध्ये हीच जागा सगळ्यात आवडली.

दुसऱ्या दिवशी चढाई. अंतर फक्त २.४ किलोमीटर, हे ऐकून लोक फसतात. तेवढ्यात जवळजवळ १२०० मीटर उंची चढायची आहे, म्हणजे पहिल्या पावलापासून गुडघा छातीला, मुळं धरा, दगड धरा, आणि शेवटच्या टप्प्यात दोर आणि एकामागून एक उभ्या शिड्या, काही ठिकाणी दोन सुळक्यांच्या मध्ये आडवी टाकलेली शिडी आणि खाली काळी फट. दगड इतका धारदार की हात टेकवला तरी कापतो, ग्लोव्ह्ज घालाच. गाइड वाटेत घड्याळ लावून असतो, ठरलेल्या टप्प्यापर्यंत ठरलेल्या वेळेत पोचलं नाही तर परत पाठवतो, गयावया चालत नाही. आमच्या ग्रुपमधला एक धडधाकट मुलगा असा परतला, चिडला बिचारा, पण उतरताना मला कळलं की नियम का आहे. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, पाय थरथरत असतात, पावसाने दगड निसरडे झालेले, त्यात अंधार पडला तर माणूस खाली आणणार कसा? वर मात्र जे दिसतं ते दिसतं, फांद्यांवर शेवाळ, घटपर्णी, ऑर्किड, आणि समोर ते पांढरट सुळके.

गाइडच्या पायात काय होतं माहितीय का, साधे काळे रबरी बूट, खाली खिळ्यांसारखे उंचवटे, सारावाकात त्याला गमतीने आदिदास कांपुंग म्हणतात, म्हणजे खेड्यातले आदिदास. मिरीच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतात, भिजले तरी लगेच वाळतात. माझे महागडे ट्रेकिंग शूज कॅम्पमधून निघेपर्यंत ओलेच होते.

ज्यांना गुहेत खरंच घुसायचंय, चिखलात सरपटत, दोराने चढत, त्यांच्यासाठी ॲडव्हेंचर केव्हिंग आहे, सोपी ते महाकठीण. रेसर केव्ह आम्ही केली, पूर्ण काळोखात फक्त हेल्मेटवरचा दिवा, मस्त. सगळ्यात कठीण सारावाक चेंबर, १९८१ मध्ये ब्रिटिश गुहा-शोधकांना सापडलेलं दालन, सुमारे ६०० मीटर लांब आणि ४०० च्या वर रुंद, जमिनीच्या क्षेत्रफळात जगात सगळ्यात मोठं समजतात. तिथे जायला आधी केव्हिंगचा अनुभव दाखवावा लागतो आणि पूर्ण दिवस मोडतो. आम्हाला नव्हता, सोडून दिलं.

गाइडशिवाय फिरायचंच असेल तर मुलूत पाकू धबधब्याची वाट आहे, बॉटनी ट्रेल आहे, ते मोकळं आहे. पण आपल्या आपण गुहा बघायची हौस असेल तर मिरीकडूनच निया नॅशनल पार्क करा, रस्त्याने जाता येतं. होडीने नदी ओलांडायची, फळ्यांवरून चालत ग्रेट केव्ह. १९५८ मध्ये तिथे साधारण ४०,००० वर्षांपूर्वीची माणसाची कवटी सापडली आणि २०२४ मध्ये तेही युनेस्कोच्या यादीत आलं. छतातून खाली आलेले उंच खांब दिसतात, त्यावर चढून लोक पाकोळ्यांची घरटी काढतात, ती सूपसाठी विकतात. निया मला आवडलं, पण तिथे जिथे तिथे प्रश्न पडायचे आणि उत्तर द्यायला कोणी नसायचं, मुलूची सवय लागली होती ना!

बाकी किरकोळ. रोख रिंगिट घेऊन जा, मिरीतच काढा. मोबाइल रेंज आणि वायफायचा भरवसा नको. शाकाहारी असाल तर कॅफेत फ्राइड राइस-नूडल्सवर भागतं, ऑर्डर देताना अंडं आणि बलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट, नको हे स्पष्ट सांगा, नाहीतर भाजीतसुद्धा असते. हेडटॉर्चला जादा सेल, सगळं सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, कॉटनचे कपडे अजिबात नकोत. गुडघे दुखणारे असाल तर पिनॅकल्स सोडा आणि त्याऐवजी कॅनोपी वॉक करा, झाडांच्या शेंड्यांजवळून ४८० मीटरचा झुलता पूल आहे, त्यालाही गाइड लागतोच.