प्रिझम लाँचर वापरून बघितला, माइनक्राफ्टला मॉड लावायला

भाचा दिवाळीच्या सुट्टीत आला तो लॅपटॉप काखेत मारूनच, चपला काढायच्या आधी "मामा, मला क्रिएट टाकून दे" सुरू. क्रिएट म्हणजे माइनक्राफ्टमधला मॉड (मॉड म्हणजे गेममध्ये वरून टाकायची नवी भर), पाणचक्की, गिअर, पट्टे, रेल्वे असलं सगळं त्यात बनवता येतं. मी कॉलेजात असताना खेळायचो तेव्हा मॉड लावायचा म्हणजे गेमची जार फाइल उघडायची, आतल्या फाइली बदलायच्या आणि मेटा-इन्फ नावाचं फोल्डर आठवणीने उडवायचं, विसरलं की काळी स्क्रीन. तेवढ्या भांडवलावर मी रुबाबात म्हणलं, होय टाकतो की, त्यात काय.

आणि पहिल्याच झटक्यात तोंडावर पडलो. सर्च केलं, वर जी साइट आली ती उघडली, तिच्यावर डाउनलोडची तीन हिरवी बटणं, मी मधलं दाबलं, एक सेटअप फाइल उतरली आणि ती चालवल्यावर ब्राउझरचं होमपेजच बदललं. पुढचा तासभर ती घाण साफ करण्यात गेला. साइटचं नाव घेत नाही, अशा शंभर असतील, पण एवढं डोक्यात ठेवा की मॉड ही जार फाइल असते, एक्सई उतरली तर ती चालवूच नका.

मग प्रिझम लाँचर टाकला, लाँचर म्हणजे गेम सुरू करून देणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, मल्टीएमसी नावाच्या जुन्या लाँचरपासून पॉलीएमसी निघाला आणि २०२२ मध्ये पॉलीएमसीतून हा, विंडोज मॅक लिनक्स सगळ्यावर चालतो. गेम मात्र फुकट मिळत नाही हां, ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर विकत घेतलाय त्यानेच लॉगिन करावं लागतं, आणि लागतं ते जावा एडिशन. मोबाइलवर पोरं खेळतात ते बेडरॉक, त्यावर हे मॉड चालत नाहीत, त्याचे अ‍ॅड-ऑन वेगळे.

याची खरी मजा काय तर इन्स्टन्स. प्रत्येक इन्स्टन्स म्हणजे वेगळा संसार, त्याचं गेमचं व्हर्जन वेगळं, मॉड वेगळे, वर्ल्ड पण वेगळे. साध्या लाँचरमध्ये सगळं एकाच मॉड्स फोल्डरमध्ये कोंबायचं म्हणजे एकाने घोळ घातला की सगळंच बंद. इथे एका इन्स्टन्सची वाट लागली तर तो उडवायचा, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. इन्स्टन्स उघडून मॉड्समध्ये जायचं, डाउनलोड दाबायचं, मॉडरिंथ किंवा कर्सफोर्ज (दोन्ही मॉड मिळायच्या साइट) निवडून नाव शोधायचं. तुमच्या व्हर्जनला चालतील तेच मॉड समोर येतात, आणि एका मॉडला दुसरा लागत असेल तर तोही सोबत घेऊ का विचारतो. गेम ज्याच्या जोरावर चालतो ते जावा कुठलं लागेल ही जुनी डोकेदुखी (गेमच्या १.२०.१ ला जावा १७, १.२०.५ ला २१) तीही नवीन प्रिझम स्वतःच डाउनलोड करून मिटवतो.

एवढं असून मी चुका केल्याच, कारण मला वाटलं हाताने केलं की पटकन होईल. १.२०.१ चा फॅब्रिकवाला (फॅब्रिक म्हणजे मॉड चालवणारा एक लोडर) इन्स्टन्स बनवला आणि त्यात सोडियम, म्हणजे गेम पळवणारा मॉड, टाकला १.२१.१ चा. गेम उघडायच्या ऐवजी खिडकी आली, मॉड जुळत नाहीत म्हणून, आणि उपाय काय सुचवला तर माइनक्राफ्टच बदला! म्हणजे जावई आवडला नाही तर मुलगी बदला असलं काहीतरी. पण घाबरू नका, कुठला मॉड आणि त्याला कुठलं व्हर्जन हवंय हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, वाचायचं फक्त. दुसरी चूक जास्त वाईट होती कारण तिने एरर दिलाच नाही. क्रिएटची फाइल मी फोर्जची उचलली होती आणि टाकली फॅब्रिकमध्ये, गेम मस्त उघडला, क्रिएट कुठेच नाही, भाचा माझ्याकडे बघतोय. फोर्ज, निओफोर्ज, फॅब्रिक हे लोडर, आणि मॉड ज्या लोडरसाठी बनवला त्यावरच चालायचा, त्यामुळे आधी मॉड ठरवा मग लोडर, उलटं करू नका. शेवटी १.२०.१ फोर्जचा नवा इन्स्टन्स केला, क्रिएट आतूनच डाउनलोड केला, पाच मिनिटांत चालू.

सोडियमसाठी फॅब्रिकवाला इन्स्टन्स ठेवलाय तसाच. ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप आहे, तिथे आधी सेकंदाला ३० च्या आसपास फ्रेम मिळायचे ते दुपटीवर गेले, आणि सोडियम काढला तरी वर्ल्डला काही होत नाही. क्रिएटचं तसं नाही. ब्लॉक देणारा मॉड काढून वर्ल्ड उघडलं की त्याचे ब्लॉक गायब होतात, परत मॉड टाकला तरी येत नाहीत, म्हणून काही काढायच्या आधी इन्स्टन्सची कॉपी करा, राइट क्लिकवर ऑप्शन आहे. आणि मेमरी बेतानेच द्या. आमच्या पठ्ठ्याने ८ पैकी ७ जीबी गेमला दिली, लॅपटॉपचा पंखा असा ओरडायला लागला की आई आतून विचारते मिक्सर कोणी लावला. मी ४ वर आणली.

तक्रार म्हणाल तर एक किचकट गोष्ट आहे, कर्सफोर्जवरच्या काही मॉडच्या लेखकांनी बाहेरच्या लाँचरला परवानगी दिलेली नाही, त्यामुळे मॉडपॅक (मॉडचा तयार गठ्ठा) टाकताना मध्येच यादी येते की हे हे मॉड ब्राउझरमधून स्वतः उतरवून घ्या. उतरवले की डाउनलोड्स फोल्डरमधून तो ते आपोआप ओळखतो, पण लहान पोराला एकट्याला जमायचं नाही. आणि ओळखीची साइट आहे म्हणून निर्धास्तही राहू नका, जून २०२३ मध्ये कर्सफोर्जवरच काही मॉडमधून फ्रॅक्चरायझर नावाचं मालवेअर पसरलं होतं. मी तरी नुकताच आलेला, कोणी न वापरलेला मॉड पोराच्या मशीनवर टाकत नाही.

बाकी वर एक म्याऊ नावाचं बटण आहे, दाबलं की खिडकीत मांजर येऊन बसतं. काही उपयोग नाही त्याचा, आमच्याकडे ते कायम चालू असतं.

पाचपैकी साडेचार. भाच्याने क्रिएटमध्ये पाणचक्कीवर जातं बसवून गव्हाचं पीठ काढलंय, आजीला बोलावून दाखवलं, ती म्हणाली जाडसर दळतोय का बारीक. आता त्याला शेडर हवेत, म्हणजे गेममधला उजेड-सावल्या झकास दिसायला, आणि त्यासाठीचा आयरिस मॉड टाक म्हणून मागे लागलाय. त्या लॅपटॉपवर शेडर म्हणजे मिक्सर परत चालू, त्यामुळे वार्षिक परीक्षेनंतर बघू म्हणून सांगितलंय.