जेनेसिस: गायक गेल्यावर की गिटारवादक गेल्यावर?

जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडचा कोणता अल्बम सरस: गायक गेल्यावरचा की गिटारवादक गेल्यावरचा? १९७५ मध्ये गायक पीटर गॅब्रिएल बँड सोडून गेला. नव्या गायकासाठी बऱ्याच जणांना ऐकून झालं आणि शेवटी मायक्रोफोन ड्रमर फिल कॉलिन्सच्याच हाती आला. १९७६ चा ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ हा अल्बम तरीही बिचकलेला वाटत नाही. त्यातलं ‘एन्टँगल्ड’ ऐका: बारा तारांची गिटार हलकेच झुलत राहते आणि शेवटी मेलोट्रॉनचा (टेपवरचे आवाज वाजवणाऱ्या कीबोर्डचा) कोरस अंगावर येतो.

मग गिटारवादक स्टीव्ह हॅकेटही गेला. १९७८ च्या ‘अँड देन देअर वेअर थ्री’मध्ये बासवाल्या माइक रदरफोर्डनेच गिटारही सांभाळली. ‘ट्रिक’मधल्या आठऐवजी इथे अकरा गाणी, बहुतेक आटोपशीर. ‘फॉलो यू फॉलो मी’ हिट झालं, गोडही आहे. पण हॅकेटची जागा रिकामीच जाणवते. माझं मत ‘ट्रिक’लाच.