कॅमेऱ्याची धुरकट स्क्रीन घरी साफ केली, त्याला आता आठ महिने झाले

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे तीन फोटो मी माझ्या हाताने डिलीट केले. स्क्रीनवर मोठे करून पाहिले, तर तिचा चेहरा दुधात बुडाल्यासारखा दिसत होता. फोकस चुकला असं वाटलं. रात्री कार्डातून रिकव्हरी केली, तेव्हा दोन परत मिळाले. लॅपटॉपवर पाहतो तर भुवईचा केस न् केस मोजता येत होता. तिसरा गेला तो गेलाच. तोपर्यंत 'स्क्रीन जरा धुरकट आहे, फोटो तर नीट येतात ना' असं म्हणत मी दोन वर्षं काढली होती.

कॅमेरा जुना डीएसएलआर, स्क्रीन तीन इंची. पुण्यात दुरुस्तीवाल्यांना दाखवला. तपासणीचे ५०० रुपये आधी घेतले आणि मग सांगितलं की स्क्रीनचा अख्खा भाग बदलावा लागेल, ६,८०० रुपये. नुसती वरची काच बदलून द्या म्हटलं, तर 'तसं आम्ही करत नाही'. चित्र नीट उमटतंय, बिघाड फक्त वरच्या थराचा आहे, हे त्यांनाही दिसत होतं. कॅमेरा विकायला काढला तर दहा हजारही येणार नाहीत, त्यावर सात हजार घालायचे? ५०० रुपयांवर पाणी सोडून चिपळूणला परत आलो.

घरी पहिल्यांदा एक गोष्ट केली, आणि ती प्रत्येकाने करावी. बॅटरी काढली, बोट ओलं केलं आणि स्क्रीनवरच्या धुरकट ढगावरून फिरवलं. ढग गायब! पाणी वाळलं तसा कडेकडेने परत आला. म्हणजे खराबी बाहेरच्या पृष्ठभागावर होती. खरवडलेल्या जागेत पाणी भरलं की उजेड विखुरत नाही, म्हणून तेवढा वेळ काच स्वच्छ दिसते. ओलं करूनही ढग तसाच राहिला, तर तो आत आहे आणि घासून काही उपयोग नाही.

ढगाची जागाही पाहा. माझा होता मधल्यापासून जरा डावीकडे, रुपयाएवढा. मी उजव्या डोळ्याने व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे स्क्रीनच्या वरच्या छोट्या खिडकीतून, पाहतो, तेव्हा नाक बरोबर तिथेच टेकतं. वर्षानुवर्षं नाकाचा घाम आणि तेलकटपणा त्याच जागी बसला, शर्टाच्या टोकाने मी तो तिथेच पुसला, आणि कोव्हिडच्या काळात सॅनिटायझरचे ओले हात लागले ते वेगळेच. चकाकी कमी करणारं कोटिंग तिथूनच सुटायला लागलं. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्या मामेभावाच्या कॅमेऱ्यावर हाच डाग उजवीकडे आहे.

चष्म्याचं लिक्विड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांनी तेल निघालं, ढग तसाच. मग टूथपेस्ट. साधी पांढरी, जेल नको. तिच्यातली बारीक पूड घासण्याचं काम करते. आधी ब्लोअरने धूळ उडवली, कारण समुद्रावरच्या वाळूचा एक कण राहिला तरी ओरखडा ठरलेला. चारी कडांना मास्किंग टेप लावली, म्हणजे पेस्ट फटीत जात नाही. मुगाएवढी पेस्ट ओल्या सुती कापडावर घेतली आणि हलक्या हाताने गोल गोल घासत राहिलो.

किती घासायचं ते ट्यूबलाइट सांगते. कोटिंग शिल्लक आहे तिथे तिचं प्रतिबिंब जांभळट दिसतं, निघालं तिथे पांढरंशुभ्र. मध्येच थांबलात तर नकाशासारखे पट्टे राहतात, म्हणून सगळं काढलं. दोन बैठकांत मिळून एक तास दहा मिनिटं लागली. नेलपेंट रिमूव्हर मात्र चुकूनही लावू नका. त्यात ॲसिटोन असतं आणि वरचा थर प्लॅस्टिकचा असेल तर तो कायमचा पांढरा पडतो. लेन्सवर आणि टचस्क्रीनवरही हा प्रयोग नको. आणि फ्लॅश असलेला कोणताही कॅमेरा स्वतः उघडायला जाऊ नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, बॅटरी काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो.

पहिले दोन महिने मी खूश होतो. भेटेल त्याला टूथपेस्टच सांगत होतो. मग एका दुपारी गुहागरच्या किनाऱ्यावर कॅमेरा काढला आणि स्क्रीनवर स्वतःचा चेहरा आणि आभाळ यांपलीकडे काही दिसेना. कोटिंग गेलं तशी चकाकी वाढली होती. तिरप्या उन्हात घासल्याची बारीक गोल वलयंही उठून दिसत होती. त्या दिवसापासून उजेडाचा अंदाज मी हिस्टोग्रामवरून, म्हणजे फोटोत उजेड-अंधार किती ते दाखवणाऱ्या आलेखावरून, घेतो. स्क्रीन कितीही अंधुक असो, तो आलेख खोटं बोलत नाही.

तिसऱ्या महिन्यात २५० रुपयांची टेम्पर्ड ग्लास मागवली. इंच बघून घेऊ नका, आपल्या मॉडेलचीच मागवा. ती बसवली, बुडबुडे कडेला सरकवले, आणि सगळी वलयं नाहीशी झाली. अगदी एकूण एक! काचेमागचा चिकट थर त्या ओरखड्यांत भरला होता. ओल्या बोटाने जे दोन मिनिटांपुरतं झालं होतं, तेच इथे कायमचं झालं. चकाकी थोडी राहिलीच, पण ती तळहाताच्या आडोशाने भागते.

त्यामुळे माझं मत बदललं. एवढं घासायची गरज नव्हती. मामेभावाच्या कॅमेऱ्यावर आम्ही फक्त सुटलेलं कोटिंग काढलं, पंधरा मिनिटांत, वलयांची पर्वा न करता, आणि वर ग्लास चिकटवली. दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवले तर फरक सांगता येत नाही.

जुलैत एकदा सकाळी आतून धुकं दिसलं, पोटात गोळा आला. ती नुसती वाफ होती. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डब्यात कॅमेरा रात्रभर ठेवला आणि ती गेली. आता पावसाळाभर तो त्याच डब्यात असतो.

मास्किंग टेपखाली राहिलेली जुन्या कोटिंगची दोनेक मिलिमीटरची किनार अजून ग्लासखाली दिसते. मागच्या रविवारी आजीला अंगणात बसवून पुन्हा फोटो काढले. स्क्रीनवर मोठे करून तिच्याच हातात कॅमेरा दिला. तिने किनारीकडे पाहिलंही नाही, नथीतले मोती मोजले.