मढच्या बंगल्यातला स्विमिंग पूल: काम झकास, फोन उचलत नाहीत, साडेतीन स्टार

पैसे भावाचे आणि डोकेदुखी माझी, असं हे काम होतं. दादा दुबईला, आई मढच्या जुन्या बंगल्यात, मी वर्सोव्याला. त्यामुळे साइटवर जायला मीच. सकाळी जेटीवरून फेरी पकडायची, पाच मिनिटांत पलीकडे, कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासातून रिक्षा शोधायची, आणि साइटवर जाऊन बघायचं तर चार माणसं बसून चहा पितायत. सात महिने हेच चाललं होतं. कोटेशनवर चार महिने लिहिलं होतं बरं का.

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं काम, अजून त्यांच्याकडेच आहे आणि मला पंप चालू हवाय. पण ज्यांना मुंबईत बंगल्यात पूल बांधायचाय त्यांच्यासाठी सगळं लिहिते, कारण आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पूल ८ मीटर बाय ४, एका बाजूला साडेतीन फूट, दुसरीकडे पाच. म्हणजे साधारण ४१ हजार लिटर पाणी. दादाला इन्फिनिटी पूल हवा होता, तो कडेवरून पाणी ओसंडतं ना, तसला. डिझायनरने लगेच थ्रीडी व्ह्यू काढून आणला, मागे निळा समुद्र वगैरे. मी म्हटलं अहो आमच्या मागे समुद्र नाहीये, शेजारच्यांची भिंत आहे आणि तिच्यावर त्यांच्या चादरी वाळत असतात. शिवाय ओसंडणाऱ्या पाण्यासाठी खाली वेगळी बॅलन्सिंग टँक लागते, खर्च वाढतो, पंप जास्त चालतो. मग साधा स्किमरवाला, म्हणजे कडेच्या खाचेतून पाण्यावरचा कचरा ओढून घेणारा, ठरला आणि त्याचा आजपर्यंत कुणाला पश्चात्ताप झालेला नाही. परवानग्यांचं सगळं आर्किटेक्टने बघितलं, त्यात मी पडले नाही, पण समुद्राजवळ घर असेल तर सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामाच्या नियमांचं, आधी विचारा, खड्डा खणून झाल्यावर नको.

डिझाइनला मी पाच पैकी चार देईन. मुलगी हुशार होती, ऐकायची. फक्त तिला सगळीकडे काळं हवं होतं. पुलाच्या कडेला लेदर फिनिशचा काळा ग्रॅनाइट, चित्रात भारी दिसत होता. मी तिला म्हटलं तीन सँपल आण, काळा ग्रॅनाइट, कोटा आणि जैसलमेरचा पिवळा. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता तिन्ही तुकडे अंगणात ठेवले आणि आईला म्हटलं अनवाणी उभी राहा. काळ्यावर पाय ठेवला आणि लगेच उचलला, "ह्याच्यावर पापड भाजा" म्हणाली. पिवळ्यावर आरामात उभी राहिली. तिथल्या तिथे फायनल. आता पिवळ्याची भानगड अशी की पावसाळ्यात त्याच्यावर हिरवं शेवाळं धरतं आणि दोनदा प्रेशर वॉशर मारावा लागतो, नाहीतर घसरून पडाल, पण पाय भाजण्यापेक्षा ते परवडलं. आत फिकट निळी ग्लास मोझॅक, २० मिलिमीटरची, आणि पायऱ्यांच्या कडेला गडद निळी पट्टी. पट्टी मी मागून घेतली, कारण पाण्याखाली सगळ्या पायऱ्या एकाच रंगाच्या दिसतात आणि आईला आधीच कमी दिसतं.

बदामाचं झाड हा दुसरा वाद. डिझायनर म्हणे ते काढून पाम लावू, रिसॉर्ट लुक येतो. एक तर झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते, आणि त्याहून मोठं म्हणजे ते बाबांनी लावलेलं, आईची परवानगी कोण घेणार. झाड राहिलं. त्याची किंमत आम्ही रोज मोजतो, पानं लाल होऊन गळायला लागली की स्किमरची जाळी दिवसातून दोनदा भरते, आणि रात्री वटवाघळं अर्धी खाल्लेली बदामं पाण्यात टाकतात ती वेगळीच. तरी संध्याकाळी त्याची सावली पाण्यावर पडते तेव्हा बरं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीनंतर पोकलेन आला, वर लाल माती, मग मुरूम, आणि पाच फुटांवर खड्ड्यात पाणी. मिस्त्रीने बोट बुडवून चाटलं, म्हणाला "मचूळ आहे ताई, खालचं पाणी." ते पाणी उपसायचा पंप रात्रंदिवस लावला, शेजारी दोनदा भांडायला आले. मला वाटलं खोदताना त्रास, नंतर काय, टाकी बांधली की संपलं. पण आमचे स्ट्रक्चरल इंजिनियर, वयस्कर आहेत, कमी बोलतात, त्यांनी वहीच्या पानावर हिशोब करून दाखवला. रिकाम्या पुलाचं काँक्रीट साधारण ३६ टन. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी अगदी वरपर्यंत चढलं तर ते पुलाला खालून उचलणार साधारण ५९ टनांच्या जोराने. पूल भरलेला असला की आतलं ४१ टन पाणी त्याला दाबून ठेवतं. रिकामा केलात तर पूल होडीसारखा वर येतो. खरंच वर येतो, टाइल फुटतात, पाइप तुटतात, आणि तो परत खाली बसवता येत नाही.

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण कंपनीच्या ड्रॉइंगमध्ये ह्यातलं काहीच नव्हतं. मोझॅकची चार पानं होती, लाइटची दोन होती, आणि खालच्या पाण्याबद्दल शून्य. विचारलं तर सुपरवायझर म्हणे, "मॅडम, आमचे एवढे पूल झाले, कधी काय नाय झालं." असेलही, पण टेकडीवरचा पूल आणि खाडी-समुद्राच्या मधला पूल एकच कसा असेल? इथे माझं आणि त्यांचं जोरात वाजलं. शेवटी इंजिनियरनी सांगितलं तसं करून घेतलं. तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर दीड फूट वाढवला म्हणजे त्याच्यावर मातीचं वजन बसतं, तळाला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह टाकला, खालचा दाब वाढला की तो उघडतो आणि जमिनीतलं पाणी पुलात येतं, पूल उचलला जात नाही. आणि पुलाच्या बाजूला सहा इंची पीव्हीसी पाइप उभा गाडला, साडेसात फूट खोल, तळाला खडी. त्यात दोरा सोडून कधीही बघायचं पाणी किती वर आलंय. ह्या सगळ्याचे जास्तीचे पैसे लागले, दादा कुरकुरला, पण दिले. २८ लाखांचं काम ३६ वर गेलं त्यातला हा भाग मला अजिबात खटकत नाही. लाइटच्या फॅन्सी रिमोटचे पैसे खटकतात, जो तीन महिन्यांत बंद पडला.

बांधकाम मात्र चांगलं केलं हो, ते द्यायलाच हवं. काँक्रीट एका दमात ओतलं, टाइल लावायच्या आधी सात दिवस पाणी भरून ठेवलं, टाइल लावणारे राजस्थानी कारागीर तर असे की एक पट्टी वाकडी झाली म्हणून स्वतःहून उखडून परत लावली. पंपाची खोली त्यांना जमिनीखाली करायची होती, मी म्हटलं मुंबईच्या पावसात तो पंप पहिल्याच जुलैत पोहायला शिकेल, वर ओट्यावर घ्या. घेतला. लाइट १२ व्होल्टचे, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडतो तो स्विच) आणि अर्थिंग माझ्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून परत तपासून घेतलं, ह्यात कुणावर विश्वास ठेवू नका.

भरायला बोअरचं पाणी वापरणार होतो. बादलीभर घेऊन त्यात थोडं क्लोरीन टाकलं तर तासाभरात चहासारखं झालं, लोह असतं त्यात. मग टँकर.

पूल भरला, पूजा झाली, आणि चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की पाणी कमी होतंय. फोन केला तर "मॅडम ऊन आहे, उडतं." उडतं मान्य, पण किती? बादली टेस्ट केली, ही कुणीही करू शकतं. पुलाचंच पाणी बादलीत भरून पहिल्या पायरीवर ठेवायची, आतबाहेर पेन्सिलने खूण करायची, पंप बंद, चोवीस तासांनी बघायचं. ऊन दोघांना सारखंच लागतं ना. बादलीतलं पाणी ५ मिलिमीटर उतरलं, पुलाचं १४. म्हणजे ९ मिलिमीटर कुठेतरी पळतंय, आणि ३२ चौरस मीटरवर ९ मिलिमीटर म्हणजे रोज पावणेतीनशे लिटरच्या वर. फोटो पाठवले, व्हॉट्सॲपवर निळी टिक, उत्तर नाही. तीन आठवडे. मी रोज सकाळी "गुड मॉर्निंग, आज १४" असा मेसेज टाकायचे. शेवटी माणूस आला आणि लाइटच्या मागे जिथून वायर जाते त्या पाइपच्या तोंडाशी गळती सापडली. टाइलच्या आधीच्या टेस्टला ते तोंड बूच मारून बंद होतं म्हणून कळलं नव्हतं. अर्ध्या तासाचं काम, फुकट केलं. एक स्टार ह्या तीन आठवड्यांसाठी कापला.

आणि उरलेला अर्धा कापलाय गेल्या जुलैसाठी. सलग पाऊस, वीज दोन दिवस गेलेली, पंप बंद, पावसाच्या पाण्याने क्लोरीन पातळ झालेलं, पूल हिरवागार, नुसती पालकाची भाजी. मी फेरी बंद म्हणून मालाडवरून वळसा घालून पोचले तर एएमसीचा पोरगा सबमर्सिबल पंप पाण्यात सोडून उभा. "खाली करून ॲसिड मारतो ताई, संध्याकाळपर्यंत चकाचक." अर्धा फूट पाणी काढून झालं होतं. मी अक्षरशः ओरडले, बंद कर आधी. मग आईकडून शिवणाचा दोरा घेतला, टोकाला नट बांधला आणि बाजूच्या पाइपमध्ये सोडला. दीड फुटावर पाणी लागलं. पोराला दोरा दाखवला, म्हटलं हे बघ, हा पूल आत्ता चारी बाजूंनी पाण्यात उभा आहे, व्हॉल्व्ह आहे म्हणून काय मी तो आज तपासून बघू? त्याचं तोंड उतरलं. त्याचीही काय चूक, कंपनीने त्याला सांगितलंच नव्हतं, व्हॉल्व्ह कशासाठी आहे ते त्याला माहीतच नव्हतं.

रिकामा न करता साफ होतोच. आधी पीएच, म्हणजे पाण्याच्या आंबटपणाचं माप, ७.२ च्या आसपास आणला, मग रात्री क्लोरीनचा जोरदार डोस, उन्हात टाकलं तर उडून जातं, भिंती ब्रशने घासल्या, पंप चोवीस तास, दाब वाढला की फिल्टर बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून धुवायचा. मग तुरटी टाकून पंप बंद, सगळा गाळ रात्रीत खाली बसला, आणि तो व्हॅक्यूमने थेट बाहेर. तिसऱ्या दिवशी तळाची मोझॅक दिसायला लागली, चौथ्या दिवशी पोरगा स्वतःच खूश. माणूस वाईट नाही.

लहानपणी आम्ही शिवाजी पार्कच्या तलावात शिकलो, तिथे पाण्याचं काय ते महापालिका बघायची, आम्ही फक्त उडी मारायचो. स्वतःचा पूल म्हणजे दर दोन दिवसांनी टेस्ट किट घेऊन बसणं, क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅममध्ये आहे का बघणं, पीएच वाढवायचा सोडा ॲश संपला का बघणं. दादा वर्षात पंधरा दिवस येतो, त्यात दोनदा पोहतो. आई रोज संध्याकाळी पिवळ्या दगडावर बसून पाय पाण्यात सोडते आणि बदामाची पानं जाळीने काढते, म्हणजे वापर होतोय म्हणायचं.

तळाच्या दोन टाइल सुटल्यात, त्या लावायला पूल रिकामा करायला लागणार. परवा दोरा सोडला तर नट कोरडाच वर आला, मे महिना आहे, हीच वेळ. फोन केला कंपनीत, तर पोरगा गावाला गेलाय, पावसाला सुरुवात झाली की येईल म्हणे.