भजनी मंडळ की घरचा स्पीकर?

आई किंवा वडिलांना स्मृतिभ्रंश झाला की ठाण्यातल्या घरांत हा प्रश्न निघतोच: त्यांना चार माणसांत गायला न्यावं, की घरीच जुनी गाणी लावून द्यावीत?

फिनलंडमध्ये साधारण अशीच तुलना झाली आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातले ८९ रुग्ण आणि त्यांना सांभाळणारी माणसं होती. १० आठवडे एक गट गात होता, दुसरा ऐकत होता, तिसऱ्याची नेहमीचीच देखभाल चालू होती. गाणारे आणि ऐकणारे, दोघांचाही मूड सुधारला, जुन्या आठवणी जास्त वर आल्या. गाणाऱ्यांची नुकतंच ऐकलेलं लक्षात ठेवण्याची ताकदही सुधारली आणि सांभाळणाऱ्यांनाही बरं वाटू लागलं. माझा कल इथेच ठरतो, कारण सांभाळणाऱ्या सुनेला किंवा लेकीला एरवी कुणी हिशेबात धरतच नाही.

शिवाय भजनात बुवांनी ओळ म्हटली की मागचे सगळे ती झेलतात. शब्द निसटला तरी हातात टाळ असतो, शेजारचा म्हणत असतो. चुकलेलं कुणाला कळतही नाही.

तरी घोडबंदर रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून त्यांना नौपाड्यात नेणं सोपं नाही. गोंगाटाने बावरणाऱ्या माणसाला स्पीकरच बरा. मात्र दिवसभर रेडिओ चालू नको. त्यांच्या विशीतली गाणी निवडा, आवाज बेताचा ठेवा, शेजारी बसून स्वतःही गुणगुणा. आणि त्याआधी कानाच्या मशीनची बॅटरी तपासा.